यमू, फकिरा आणि बनगरवाडीचे मास्तर : शाळेत कादंबरीतून इतिहास कसा शिकवावा

शालेय इतिहासात संमतिवयाच्या कायद्याच्या वाट्याला फार तर दोन-तीन वाक्ये येतात. १८९१ साली सरकारने संमतीचे वय दहावरून बारा केले, टिळकांनी विरोध केला, आगरकरांनी पाठिंबा दिला, एवढे वाचून विद्यार्थी पुढच्या सुधारणेकडे वळतो. या वाक्यांत चूक काहीच नाही, मात्र जिच्या वयावरून एवढा वाद पेटला होता ती मुलगी त्यांत कुठेही नाही. तिचा दिवस कसा उगवत असे, सासरी तिला कोणाशी बोलण्याची मुभा होती, अक्षरे शिकावीशी वाटली तर ती इच्छा कोणापासून लपवावी लागे, हे त्या वाक्यांना ठाऊक नाही. नेमक्या याच काळात, १८९०च्या अखेरीस निघालेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली आणि १८९३ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. तिच्यात यमू नावाची मुलगी आपले माहेर, सासर, नवऱ्याबरोबरचे मुंबईतले थोडे मोकळे दिवस आणि पुढचे वैधव्य स्वतःच्या तोंडाने सांगते. एकीकडे कलकत्त्याच्या कायदेमंडळात संमतिवयाची चर्चा चालू होती आणि दुसरीकडे मराठी घरांत ही कहाणी आठवड्याच्या आठवड्याला वाचली जात होती.

इतिहासाच्या तासाला ही कादंबरी वाचायला घ्यावी, असे कोणी सुचवले तर बहुतेक शिक्षकांच्या मनात पहिली शंका येते ती अशी की, कादंबरी म्हणजे रचलेली गोष्ट. यमू नावाची अशी मुलगी पुण्यात होऊन गेली असा कोणताही कागद नाही. मग जी जन्मलीच नाही तिच्या बोलण्यावरून इतिहास शिकवायचा तरी कसा? शंका अगदी रास्त आहे आणि तिचे उत्तर नीट समजून घेतल्याशिवाय वर्गात कादंबरी नेण्यात अर्थ नाही, कारण हे उत्तर माहीत नसलेला शिक्षक एकतर कादंबरीला पुराव्याच्या जागी बसवतो, नाहीतर नुसती गोडी लावण्यासाठी चार पाने वाचून दाखवतो आणि मग खऱ्या धड्याकडे वळतो.

आधी सामान्य माणूस इतिहासातून गळतो कसा, ते पाहू. इतिहास कागदांवर उभा राहतो, आणि कागद ज्यांना लिहिण्याची गरज व सवय होती त्यांनी ठेवले. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत, वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे खंड काढले ते गावोगावच्या वाड्यांतले, देवस्थानांचे आणि वतनदारांचे कागद शोधून. हे काम थोर आहे, यात वाद नाही. परंतु अशा कागदांत कुणबी, कोष्टी, मांग किंवा विधवा बाई दिसते ती बहुधा तीनच प्रसंगी : तिच्याकडून काही वसूल करायचे असते, तिच्यावर काही आळ असतो, किंवा तिने काही फिर्याद केलेली असते. उरलेल्या आयुष्याची नोंद करण्याचे कारण कोणालाच नव्हते. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्याच्या घराचे, अंगणाचे, भांड्याकुंड्यांचे बारीक वर्णन केले आहे, ते याच उणिवेवर बोट ठेवणारे आहे, असे मला वाटते. पुढे इंग्लंडमध्ये इतिहासकार ई. पी. टॉमसन यांनी १९६३ साली तिथल्या कामगारवर्गाच्या घडणीचा मोठा ग्रंथ लिहिला, १९८२ पासून इतिहासकार रणजित गुहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या वंचितांच्या इतिहासाची लेखमाला सुरू केली, आणि या विचाराला विद्यापीठांत मान मिळाला. ‘वंचितांचा इतिहास’ ही संज्ञा आता आपल्याकडच्या दहावीच्या पाठ्यपुस्तकापर्यंत पोहोचली आहे. तिची व्याख्या मुले पाठ करतात. तो इतिहास प्रत्यक्ष कसा दिसतो, हे मात्र त्यांना क्वचितच पाहायला मिळते.

कादंबरी इथे उपयोगी पडते, पण कोणती कादंबरी, हा प्रश्न मराठी वाचकाच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. आपल्याकडे ‘ऐतिहासिक कादंबरी’ म्हटले की छत्रपती, पेशवे, लढाया, वाडे आणि दरबार डोळ्यांपुढे येतात. या कादंबऱ्यांवर मराठी वाचकाने भरभरून प्रेम केले आहे, आणि अनेकांना इतिहासाची पहिली ओढ त्यांनीच लावली, हेही खरे. तरीही सामान्यांचा इतिहास शिकवण्यासाठी त्या मला फारशा कामाच्या वाटत नाहीत. त्या दोन-अडीचशे वर्षांनंतर लिहिलेल्या आहेत, त्यांचा आधार पुन्हा दरबारी कागदांचाच आहे, आणि त्यांतला सामान्य माणूस बहुधा मशाल धरतो, निरोप आणतो किंवा धारातीर्थी पडतो. ज्या कादंबऱ्या लिहिल्या गेल्या तेव्हा ‘ऐतिहासिक’ नव्हत्याच, ज्या आपल्या आजूबाजूचे किंवा आपल्या वाडवडिलांच्या आठवणीतले जग सांगत होत्या आणि काळ उलटल्यामुळे आता इतिहासाचे साधन झाल्या आहेत, त्या आपल्याला हव्यात. ग्रंथालयात त्या ‘सामाजिक’ किंवा ‘ग्रामीण’ अशा फळीवर सापडतात.

आता त्या शंकेचे उत्तर. कादंबरीतल्या प्रत्येक पानावर निरनिराळ्या जातीची माहिती एकत्र मिसळलेली असते, आणि तिची विश्वासार्हता सारखी नसते. अमुक माणूस अमुक दिवशी अमुक गावी गेला, ही माहिती लेखकाने रचलेली आहे असेच धरून चालावे. लग्न कसे ठरते, जेवायला कोण आधी बसते, विहिरीवर कोण थांबून राहते, सावकाराकडे कोणत्या वस्तू गहाण पडतात, ही माहिती वेगळ्या प्रकारची आहे. लेखकाचे पहिले वाचक त्याच जगात राहणारे होते. रीतिरिवाज चुकीचे सांगितले असते तर त्यांनी पुस्तक बाजूला टाकले असते. त्यातही लेखकाने मुद्दाम सांगितलेल्या गोष्टींपेक्षा सहज ओघात येऊन गेलेल्या गोष्टी अधिक भरवशाच्या असतात. लेखकाला सासूचा दुष्टपणा ठसवायचा असेल तर तो भडक रंगवील, पण त्याच प्रसंगात सून कोणत्या खोलीत बसली होती, दिवा कशाचा होता, नवऱ्याशी बोलायला तिने रात्र होण्याची वाट का पाहिली, याबद्दल खोटे बोलण्याचे त्याला काहीच कारण नसते. न्यायालयात साक्षीदार एक गोष्ट सिद्ध करायला उभा राहतो आणि बोलण्याच्या ओघात दुसरीच सांगून जातो, तसे हे आहे. उरते ती पात्राच्या मनातली गोष्ट. भीती, लाज, ओढ, संताप. तिचा पडताळा घेता येत नाही; मात्र त्या काळात असे वाटणे लेखकाला आणि वाचकांना शक्य कोटीतले वाटत होते, एवढे ती नक्की सांगते, आणि हेही काही थोडे नाही.

म्हणून वर्गात कादंबरी आणायची ती साक्षीदार म्हणून. साक्षीदाराचे बोलणे आपण ऐकतो आणि त्याची उलटतपासणीही घेतो. माझ्या मते सगळा इतिहास त्या उलटतपासणीत शिकवला जातो.

‘पण लक्षात कोण घेतो!’ची उलटतपासणी कशी करावी? पहिला प्रश्न सोपा वाटतो पण फार खोल जातो : ‘मी’ म्हणून बोलणारी यमू आहे, पण लेखणी कोणाच्या हातात आहे? आपटे हे त्या वेळी तिशीच्या आतले, शिकलेले, सुधारणावादी विचारांचे पुरुष होते. बाईच्या मनातले पुरुषाने लिहिले आहे, हे मुलांच्या लक्षात आणून दिले की त्यांना आपोआप दुसरा साक्षीदार हवासा वाटतो, आणि तो मराठीत आहे. ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध १८८२चा, म्हणजे कादंबरीच्या आधीचा. रमाबाई रानडे यांच्या आठवणींचे पुस्तक १९१०चे. ताराबाईंचा एखादा परिच्छेद आणि यमूचे एखादे पान शेजारी ठेवले की मुलांना चटकन दिसते ते असे : यमू सोसते, ताराबाई भांडतात. दोघींपैकी ‘खरी’ कोण, या प्रश्नापेक्षा पुरुष लेखकाला आपली नायिका सोशिकच का हवी होती, हा प्रश्न अधिक चांगला, आणि आठवी-नववीची मुले तो स्वतःहून विचारू शकतात.

मग कायद्याकडे यावे. संमतिवयाचा कायदा हा लग्नाच्या वयाचा कायदा होता, असा पुष्कळांचा गैरसमज असतो. तो तसा नव्हता. त्याने बालविवाहाला हात लावला नाही, पत्नीचे वय बारा होईपर्यंत शरीरसंबंध हा गुन्हा ठरवला. लग्नाच्या वयाचा कायदा १९२९चा, ज्याला आपण शारदा कायदा म्हणतो, आणि त्यानेही मुलीचे वय चौदाच ठरवले होते. ही बाब लक्षात ठेवून यमूची गोष्ट वाचली तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते : तिच्यावर कोसळलेल्या संकटांपैकी बहुतेकांना १८९१चा कायदा स्पर्शही करू शकला नसता. लहानपणी झालेले लग्न, शिक्षणाला असलेला घरातला विरोध, नवरा गेल्यावर सासरच्या वडीलधाऱ्याने बळजबरीने केलेले केशवपन, यांतले काहीच त्या कायद्याच्या कक्षेत नव्हते. कायदा केला म्हणजे सुधारणा झाली, ही पाठ्यपुस्तकाने नकळत करून दिलेली समजूत इथे आपोआप सैल होते.

आणि तिसरा प्रश्न, जो मला सर्वांत मोलाचा वाटतो : या प्रसंगात हजर कोण आहे पण बोलत नाही? केशवपनाच्या प्रसंगी वस्तरा ज्याच्या हातात असतो तो न्हावी अशा कहाण्यांत जवळजवळ मुका असतो. त्याच्याकडे पाहणारी नजर नेहमी घरातल्यांची असते. परंतु १८९० साली मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक समाजाने विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला होता. म्हणजे यमूची कहाणी छापली जात असताना तो मुका माणूस प्रत्यक्षात बोलत होता, आपल्या पोटावर पाय येईल हे माहीत असूनही बोलत होता, आणि ते पांढरपेशा वर्गाच्या कादंबरीत उतरले नाही. यमू सामान्य आहे हे खरे, पण तिच्या दारात उभा असलेला माणूस तिच्याहून अधिक अनोळखी आहे. सामान्य माणूस कोणाला म्हणायचे, या प्रश्नाला एका पुस्तकात उत्तर मिळत नाही, हे मुलांना समजते ते अशा जागी.

त्या दारातल्या माणसाच्या बाजूने लिहिलेली कादंबरी शोधायला मराठी वाचकाला सहा-सात दशके पुढे यावे लागते. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९५९ साली आली. लेखकाने ती डॉ. आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली आहे. वाळवे तालुक्यातले वाटेगाव हे लेखकाचे जन्मगाव आणि कादंबरीचेही गाव. आज ते सांगली जिल्ह्यात आहे, पण कादंबरीतल्या काळी ते सातारा जिल्ह्यात होते, आणि हा तपशील वर्गात लगेच कामाला येतो, कारण इंग्रज सरकारने छापलेले सातारा जिल्ह्याचे गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, १८८५चे आहे. जुनी गॅझेटियरे आता संगणकावरही वाचता येतात. त्यांत जिल्ह्यातले लोक जातवार मांडलेले असतात : ते दिसतात कसे, खातात काय, देव कोणते, आणि स्वभाव कसा. एका संपूर्ण जातीचा स्वभाव साहेबाच्या पुस्तकात चार ओळींत निकालात निघतो. त्याच्या शेजारी ‘फकिरा’तला मांगवाडा ठेवावा. तिथे दुष्काळात घराघरांत भुकेने माणसे झुरत आहेत, सरकारी पहारा आणि चावडीवरची हजेरी यांनी जगणे अशक्य करून टाकले आहे, धान्य आणि खजिना लुटण्याचा निर्णय कोणी हौसेने घेतलेला नाही, आणि गावातले विष्णुपंत कुलकर्णी या माणसांच्या बाजूने उभे राहतात, म्हणजे जातीची रेघ प्रत्येक वेळी अपेक्षित ठिकाणी पडत नाही.

यासोबत १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यातले एखादे कलम मराठीत उतरवून वाचावे. ‘पद्धतशीरपणे बिनजामिनी गुन्हे करण्याची सवय असलेली जमात, टोळी किंवा वर्ग’ असे सरकारने एकदा घोषित केले की ती घोषणाच पुरावा ठरत असे आणि तिला न्यायालयात आव्हान देता येत नसे. त्या जमातीत जन्मलेल्या माणसाने गुन्हा केला आहे की नाही, हा प्रश्नच उरत नव्हता. कलमाची भाषा थंड आणि नीटनेटकी आहे. चावडीवर हजेरीला उभ्या असलेल्या माणसाचा अपमान त्या भाषेत कुठेच नाही, आणि तो अपमान समजल्याशिवाय कायदा समजला असे म्हणता येत नाही.

उलटतपासणी इथेही हवीच, आणि ती करताना लेखकाबद्दलच्या आदराने संकोचून जाऊ नये. हा कायदा सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११च्या सुधारित कायद्यानंतर मुंबई इलाख्यात त्याचा अंमल खऱ्या अर्थाने पसरला. मोठे दुष्काळ मात्र १८७६ ते १८७८, १८९६-९७ आणि १८९९-१९००चे. अण्णा भाऊंचा जन्म १९२०चा, म्हणजे हे दुष्काळ त्यांनी पाहिलेले नाहीत. त्यांनी ते घरातल्या आणि गावातल्या माणसांकडून ऐकले. कादंबरीतला काळ मुख्यतः दुष्काळ, साथ आणि जत्रा यांनी मोजला जातो. मुलांनी ही वर्षे फळ्यावर एका रेषेत मांडली तर त्यांना दिसेल की लोकांच्या आठवणीत दोन-तीन पिढ्यांचे हाल एकाच वीराच्या आयुष्यात येऊन बसू शकतात. पोवाड्यात असेच घडते, आणि अण्णा भाऊ स्वतः शाहीर होते. याला चूक म्हणण्याची घाई करू नये. स्मृती हे कागदासारखेच एक साधन आहे, तिच्या घडणीचे स्वतःचे नियम आहेत, आणि ‘काय घडले’ याबरोबरच ‘लोकांनी काय जपून ठेवले’ हाही इतिहासाचाच प्रश्न आहे.

ज्यांना याच कायद्याची दुसरी बाजू दाखवायची असेल त्यांनी मालतीबाई बेडेकर यांनी विभावरी शिरूरकर या नावाने लिहिलेली ‘बळी’ ही १९५० सालची कादंबरी पाहावी. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत सरकारने कोंडलेल्या माणसांचे जग तिच्यात आहे, आणि लेखिकेने तिथे अधिकारी म्हणून काम केलेले होते. एक लेखक कुंपणाच्या आतल्या माणसांच्या नात्यागोत्यातला, दुसरी लेखिका सहानुभूती असलेली पण कुंपणाची किल्ली हातात असलेल्यांपैकी. दोघांनी दिलेल्या साक्षींतला फरक हा स्वतंत्र तासाचा विषय आहे. कायदा मुंबई राज्यात १९४९ मध्ये आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला; विमुक्त हा शब्द तिथून आला.

वरच्या दोन्ही उदाहरणांत कायदा आहे, संघर्ष आहे, त्यामुळे पाठ्यपुस्तकाशी त्यांची सांगड घालणे सोपे जाते. ‘बनगरवाडी’ अवघड आहे, आणि म्हणूनच मला ती अधिक आवडते. व्यंकटेश माडगूळकरांच्या १९५५ सालच्या या कादंबरीत इतिहासाच्या पुस्तकात जाईल असे काहीच घडत नाही. औंध संस्थानातल्या माणदेशी धनगरवाडीत एक तरुण मास्तर येतो, शाळा भरवायला पाहतो, मुले मेंढरांमागे गेलेली असतात. गावच्या कारभाऱ्याने मनावर घेतल्यावर शाळा भरू लागते. मास्तर लोकांची पत्रे लिहितो, तंट्यांत मध्यस्थी करतो, सर्वांच्या श्रमातून गावात तालीम उभी राहते, तिच्यासाठी राजेसाहेब येऊन जातात, आणि मग दुष्काळ पडतो व माणसे मेंढरे घेऊन जगायला बाहेर पडतात. वाडी ओस पडते.

औंध हे बहात्तर गावांचे छोटे संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते होते, आणि १९३९ साली तिथे गावपंचायतींना अधिकार देणारी राज्यघटना लागू झाली. राजकीय इतिहासाच्या दृष्टीने हा प्रयोग फार महत्त्वाचा मानला जातो. त्याच राज्यातली एक वाडी खालून कशी दिसत होती, ते ‘बनगरवाडी’ सांगते : राज्य म्हणजे कधीतरी येणारा राजा, शाळा म्हणजे एक पोरसवदा मास्तर, आणि माणसांचे भविष्य ठरवणारी खरी सत्ता म्हणजे पाऊस. मेलेल्या बैलाच्या जागी शेकूची बायको औताला खांदा देते, तो प्रसंग मुलांना वाचून दाखवावा आणि मग विचारावे की औंधच्या घटनेत या बाईसाठी काय होते. उत्तर ‘काहीच नाही’ असे घाईने देऊ नये. पंचायत आली, शाळा आली, मास्तर आला. पण बैल विकत घेण्याची ऐपत आली नाही, आणि बैलाविना पेरणी अडते. स्वातंत्र्यानंतरच्या ग्रामविकासाचा सगळा प्रश्न त्या एका जुवाखाली आहे.

इथे मुलांना आणखी एक गोष्ट शिकवता येते, ती म्हणजे घटना नसलेला इतिहास. आपली पाठ्यपुस्तके सनावळीवर चालतात, कारण सत्ता सनावळीत बदलते. मेंढपाळाचे वर्ष मात्र दरवर्षी तेच असते : पावसाळ्यात घर, मग माळरान, मग परमुलखातल्या शेतात मेंढरे बसवणे. हे जग शंभर वर्षांत फारसे बदलत नाही आणि मग वीस वर्षांत नाहीसे होते, आणि नाहीसे होण्याची तारीख कुठेही लिहिलेली नसते. विश्वास पाटील यांची १९९१ सालची ‘झाडाझडती’ धरणग्रस्तांच्या विस्थापनाबद्दल आहे आणि तिथे निदान पाणी चढण्याचा दिवस तरी असतो. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ सालीच केला होता. कोयना किंवा कृष्णा खोऱ्यातल्या अनेक शाळांत आजही अशी मुले आहेत ज्यांच्या आजीला पाण्याखाली गेलेल्या गावातली विहीर आठवते. तिथे कादंबरी हे केवळ निमित्त होते आणि आजी हे मुख्य साधन.

आता प्रत्यक्ष अडचणी. वर्गाने पूर्ण कादंबरी वाचावी ही अपेक्षा व्यवहारात टिकत नाही, आणि तिची गरजही नाही. सहा-सात पानांचा एक सलग प्रसंग, त्याच विषयावरचे एखाद्या पानाचे सरकारी किंवा वृत्तपत्री लेखन, आणि दोन सलग तास एवढे पुरते. सलग तास मिळत नाहीत तिथे मराठीच्या शिक्षकाशी संधान बांधावे. भाषेच्या तासाला उतारा वाचून झाला की इतिहासाच्या तासाला थेट उलटतपासणीला बसता येते. उतारा निवडताना सर्वांत करुण प्रसंग टाळलेला बरा. रडू आले की प्रश्न सुचत नाहीत, आणि मुलांना हळहळ वाटली म्हणजे इतिहास समजला, अशी आपलीच फसगत होते. रोजच्या कामाधामाचे, बाजाराचे, भांडणाचे पान अधिक बोलके असते.

जातीचा प्रश्न मात्र सहज ओलांडण्यासारखा नाही. या कादंबऱ्यांत जातींची नावे, शिव्या, हीन लेखणारे बोल जसेच्या तसे येतात. ते गाळले तर साक्ष खोटी होते. न सांगता मोठ्याने वाचले तर वर्गातल्या एखाद्या मुलाच्या अंगावर ते आजही दगडासारखे येतात. शिक्षकाने ते शब्द आधी सांगावेत, त्या काळी कोण कोणाला ते म्हणत असे हे स्पष्ट करावे, आणि मोठ्याने वाचण्याचे काम स्वतःकडे ठेवावे. आणखी एक पथ्य : ‘तुमच्याकडे असेच असायचे का?’ हा प्रश्न वर्गातल्या कोणत्याही मुलाला विचारू नये. साक्षीदार कादंबरी आहे, ते मूल नाही. त्याने आपणहून सांगितले तर ती त्याची मर्जी.

केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या इतिहासात काही वर्षे ‘कादंबरी, समाज आणि इतिहास’ अशा आशयाचे एक संपूर्ण प्रकरण होते. १८५७च्या बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’चा उल्लेखही त्यात होता. २०१९ साली ओझे कमी करण्यासाठी जी प्रकरणे वगळली गेली त्यांत तेही गेले. ते प्रकरण कादंबऱ्यांविषयी माहिती देत होते, म्हणजे विद्यार्थ्याला आणखी काही नावे आणि वर्षे पाठ करायला मिळत होती; त्यामुळे ओझे झाले असेल तर नवल नाही. वर्गात एक पान उलगडणे आणि वीस पुस्तकांची नावे सांगणे ही दोन वेगळी कामे आहेत.

गुणांचे काय, हा प्रश्न पालकसभेत हमखास निघतो. दहावीला इतिहास व राज्यशास्त्राची लेखी परीक्षा चाळीस गुणांची असते आणि तिथे यमूवर प्रश्न येणार नाही. म्हणून हे काम आठवी-नववीत, अंतर्गत मूल्यमापनात बसवावे. मुलांना एक प्रसंग द्यावा आणि त्यात हजर असलेल्या पण न बोलणाऱ्या माणसाच्या बाजूने एक पानभर लिहायला सांगावे : केशवपनासाठी बोलावलेला न्हावी, हजेरी मांडणारा पाटील, औताला जुंपलेल्या बाईकडे बांधावरून पाहणारी शेजारीण. अट एकच. लिहिलेल्या प्रत्येक वाक्यापुढे समासात खूण करायची : हे कादंबरीत आहे, हे कागदात आहे, हा माझा अंदाज आहे. गुण द्यायचे ते भाषेला कमी आणि या खुणांना जास्त. ज्या मुलाने मनाला भिडणारे पान लिहिले पण अंदाजाच्या जागी कागदाची खूण केली, त्याला पान परत द्यावे आणि तो कागद दाखवायला सांगावे.